पेणचा कोर्स आणि आमचा शनिवार

“सर, कोर्स एवढा चांगला आहे, तर तो करून तुम्ही अजून पेणलाच कसे?”

प्रश्न माझा नव्हता. डोकं हेमांगीचं, तोंड माझं. मागच्या दोन बाकांवरच्या आम्ही पाचजणींनी ठरवलं होतं की पाहुण्या सरांना हे कोणीतरी विचारायचंच, आणि जी विचारेल तिला बाकीच्यांनी मिळून दोन समोसे द्यायचे. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नववीपर्यंत मी हजेरीला “उपस्थित”सुद्धा इतकं हळू म्हणायचे की बाई मला गैरहजर लावून मोकळ्या व्हायच्या. पण यंदा गणेशोत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला, आणि तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही असं घरचेही म्हणतात आणि दारचेही. स्पर्धेत एकूण तिघीच होतो, हे हेमांगी प्रत्येकाला न विसरता सांगते.

तर हे सर. आमच्या रोह्याच्या शाळेत दहावीसाठी दर वर्षी ‘पुढे काय’ नावाचा एक तास असतो. गेल्या वर्षी पोस्टातले साहेब आले होते आणि त्यांनी पोस्टात का येऊ नये हे सांगितलं. यंदा, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, पेणच्या एका कॉलेजातले निमिष सर आले. दहावीनंतर दोन वर्षांचा कोर्स, बारावीच्या बरोबरीचा, कॉम्प्युटर नेटवर्किंगचा. पिशवीतून त्यांनी काळ्या वायरीचं भेंडोळं काढून टेबलावर ठेवलं तेव्हा पहिल्या बाकावरच्या दोघी मागे सरकल्या. फळ्यावर सात चौकोन काढले, एका रेघेने जोडले आणि म्हणाले, हे नेटवर्क. हे मशीन त्या मशीनशी बोलणार. “आणि तिसऱ्याची चहाडी करणार,” हेमांगी माझ्या कानात म्हणाली. मला हसू आलं, आणि त्या हसण्यातच मी उभी राहून प्रश्न विचारून टाकला.

बाईंनी डोळे वटारले. सर मात्र रागावले नाहीत. खडूचा हात त्यांनी पँटला पुसला आणि म्हणाले, “याचं उत्तर फळ्यावर देता येणार नाही. शनिवारी आमचं प्रॅक्टिकल असतं. पेणला ये, बघ, आणि मी तिथं का आहे ते तूच मला सांग.”

“शनिवारी मला जमत नाही,” मी म्हटलं.

अख्खा वर्ग हसला, कारण हे वर्गाला पाचवीपासून पाठ आहे. सरांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. माझं नाव तामार नथानियल अष्टमकर. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, शनिवारी काम न करणारे. पूर्वी कोकणातल्या गावोगावी आमची घरं होती, तेलाचे घाणे होते आणि शनिवारी घाणा बंद म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. आता घाणा नाही, पण शनिवार आहे. बाकीच्यांनी गावं सोडली आणि आडनावात ती गावं बरोबर नेली. कुणी पेझारकर ठाण्यात, कुणी पेणकर इस्रायलात. आम्ही अष्टमकर अष्टमीतच. कुंडलिकेचा पूल ओलांडून रोह्याला शाळेत येतो, एवढाच काय तो प्रवास. शनिवारी सकाळची शाळा मला माफ आहे, आईने हेडबाईंना तसं सांगून ठेवलंय. शनिवारचा अभ्यास सोमवारी मी हेमांगीच्या वहीतून उतरवते, त्यामुळे तिच्या सगळ्या चुका माझ्या वहीतही असतात.

सर म्हणाले, मग रविवारी ये. दुपारपर्यंत मी असतो.

हेमांगीने समोसे देण्याचं टाळलं. म्हणाली, उत्तर कुठं मिळालं? उत्तर आण, समोसे घे. म्हणून दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघी पेणला निघालो. घरी मी शाळेचं काम म्हणून सांगितलं. ते तसं खोटं नव्हतं, शाळेतच सुरू झालं होतं. एसटी वडखळच्या नाक्यावर अलिबागच्या गाड्यांमध्ये अडकून अर्धा तास उभी राहिली. हेमांगीने तेवढ्यात मला चार वेळा विचारलं की मी खरंच सरांना पुन्हा तोच प्रश्न विचारणार का. मी चौथ्यांदा हो म्हटल्यावर तिने विचारणं सोडलं.

कॉलेजची लॅब म्हणजे वरच्या मजल्यावरची एक लांब खोली. भिंतीला लागून सात मशीन, सातांचीही झाकणं काढलेली, आणि त्यांच्यात मांडी घालून बसलेले निमिष सर आणि तीन मुलं. सरांचा चेहरा शाळेतल्यासारखा नव्हता. दसऱ्यापासून नेटवर्क बंद पडलं होतं. मशीन एकेकटी चालत होती, पण एक दुसऱ्याशी बोलेना. शनिवारचं प्रॅक्टिकल त्यातच गेलं. एक मुलगा म्हणत होता चौथ्या मशीनचं कार्ड गेलंय. दुसरा म्हणत होता पहिल्याचं. तिसरा काहीच म्हणत नव्हता, तो स्क्रू मोजत होता.

आम्हाला कोणी बसाही म्हटलं नाही. हेमांगीने टेबलावरचं मासिक उचललं. मी वायर बघायला लागले. माझे पप्पा धाटावला एका कंपनीत फिटर आहेत आणि जेवताना त्यांना पाइप सोडून दुसरा विषय सुचत नाही. गळती कुठं आहे कळत नसेल तर मधेच उड्या मारायच्या नाहीत, एका टोकापासून लाइनीला हात लावून चालत सुटायचं, हे मी आमटीभाताबरोबर शंभर वेळा ऐकलंय. मी तेच केलं. दाराजवळच्या टेबलाखाली वाकले. तिथं वायर सुरू होत होती आणि सुरुवातीला बोटाच्या पेराएवढं एक चकचकीत टोपण होतं. तिथून एका मशीनच्या पाठीवरून दुसऱ्या मशीनच्या पाठीकडे, गुडघ्यांवर, फ्रॉकला धूळ लावत मी शेवटच्या टेबलापर्यंत गेले. तिथं लोखंडी कपाटाच्या मागे वायर संपत होती. नुसतीच संपत होती.

“सर, त्या टोकाला टोपण आहे. या टोकाला नाही.”

सरांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग पालथे पडून कपाटाच्या मागे शिरले आणि आतून त्यांचा आवाज आला, “अरे देवा.” बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत कोळिष्टकं होती. त्यांनी सांगितलं ते मला तेव्हाच समजलं, आणि समजलं याचंच मला नवल वाटलं. वायरीतून निघालेला निरोप टोकाशी पोचला की त्याला तिथं गिळून टाकणारं काहीतरी लागतं. ते त्या टोपणात असतं. ते नसेल तर निरोप आपटून माघारी येतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची टक्कर होऊन कोणाचंच कोणाला ऐकू जात नाही. सरांनी सगळं तपासलं होतं, पण टोपणं त्यांनी स्वतः लावली होती, म्हणून ती असणारच असं धरून चालले होते.

मग टोपण गेलं कुठं? सरांनी पुंडलिकमामांना हाक मारली. पुंडलिकमामा म्हणजे कॉलेजचे शिपाई, लॅबच्या किल्ल्या त्यांच्याकडे. ते आले, ऐकून घेतलं आणि अगदी सरळ चेहऱ्याने कपाटाच्या खणातून लाल फडक्याची पुरचुंडी काढली. खंडेनवमीला त्यांनी लॅबमधली सगळी हत्यारं धुवून-पुसून पूजेला मांडली होती. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, वायर दाबायचं यंत्र. त्यात हेही.

“एवढुसाच रवलाता येकटा,” ते म्हणाले. “सगल्यांना हळदकुंकू नि ह्याला नाय, वाईट दिसला असता. त्याच्या पुढं कायच जोडलेला नव्हता वो सर. म्हटला, चिचंनं घासून ठेवतंव. बगा कसा लखलखतोय.”

खरंच लखलखत होता. त्यावर कुंकवाचा एक ठिपका अजून होता. दुसऱ्या टोकाचा का सोडला, असं एका मुलाने विचारलं, तर म्हणाले तिथं टेबलाखाली चिमणीनं अंडी घातलीत असा वाटला, म्हणून हात घातला नाय. सरांना रागवायचं होतं, पण त्यांनाच हसू फुटलं. टोपण कुंकवासकट बसवलं. पहिल्या मशीनवर मुलाने काहीतरी टाइप केलं आणि सातव्या मशीनवर, जिथं मी उभी होते तिथं, इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: ‘टोपण शोधणारीचं नाव काय?’

मी एका बोटाने एकेक अक्षर शोधून माझं नाव इंग्रजीत टाइप केलं. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला उमटलं. मला जे वाटलं ते मी हेमांगीला सांगायचा प्रयत्न केला, पण ती म्हणाली, आपण वर्गात चिठ्ठी फेकतो तेच आहे की हे. तेच होतं. फक्त बाईंना सापडत नाही.

मग चहा आला आणि मी प्रश्न पुन्हा विचारला, यावेळी समोशांसाठी नाही. सरांनी खरं उत्तर दिलं. कोर्स करून ते मुंबईला गेले होते. आठ महिने एका ऑफिसात टेबलांखालून वायरी ओढल्या. वर कोण बसतं ते त्यांना चपलांवरून ओळखू यायचं, चेहरा एकाचाही बघितला नाही. तिथं त्यांच्यासारखे दोनशे होते. पेणच्या कॉलेजने सात मशीन घेतली आणि जोडायला माणूस नव्हता, म्हणून ते परत आले. मागच्या बॅचच्या पाचांचं काय झालं, तेही त्यांनी लपवलं नाही. एक पनवेलला नोकरीला, एक वाशीला मशीन जोडायच्या दुकानात, एकाने बापाची भातगिरणी धरली, एकीचं लग्न झालं, आणि पाचवा तो, स्क्रू मोजणारा. तो पुन्हा बसलाय.

“दोन वर्षांनी तुला इथं नोकरी मिळेल असं मी सांगणार नाही,” सर म्हणाले. “पण बँका मशीन घेतायत, कंपन्या घेतायत, उद्या एसटीही घेईल. जिथं दोन मशीन आली, तिथं त्यांना जोडणारा तिसरा कोणीतरी लागतो. तो वाकून बघणारा असला तर बरं.”

परतीच्या एसटीत हेमांगीने न मागता समोसे दिले. मी ते खाल्ले की नाही, मला आठवत नाही.

आता घरची गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात माझं पुढचं सगळं ठरलेलं होतं. माझी शीरामावशी इस्रायलात अश्दोदला असते. तिने एक फॉर्म पाठवला होता. दहावी झाली की तिकडच्या वसतिगृहात जायचं, भाषा शिकायची, मग नर्सिंग. नर्सला तिकडे हातोहात नोकरी, आणि मी स्थिरावले की मागून आई-पप्पा. ‘दहावी झाली की तामार मावशीकडे’ हे वाक्य घरात इतक्यांदा म्हटलं गेलंय की दूधवाल्यालाही ते ठाऊक आहे. फॉर्म ट्रंकेत कपड्यांखाली गणपतीपासून तसाच आहे. आईला पेन सापडत नाही म्हणे. आमच्या घरात सात पेनं आहेत.

त्या रविवारी मी आईला टोपणाची गोष्ट सांगितली. ती हसून हसून डोळे पुसायला लागली. पुंडलिकमामांचं तिला फारच आवडलं. मी लोखंड तापलंय असं समजून पटकन विचारलं की दहावीनंतर मी तो कोर्स केला तर? आईचं हसू तसंच राहिलं, पण हात थांबला. तिने एकच विचारलं. प्रॅक्टिकल कोणत्या वारी असतं?

मी सांगितलं.

“मग कशाला विचारतेस गो?” आई म्हणाली. “तुझ्या पप्पांनी लोकांच्या दिवाळ्या नि शिमगे कंपनीत काढले, का तर शनिवार सुटू नये. तू पोरगी दोन वर्षं शनिवारी वायरी ओढणार? मावशीकडे निदान शनिवारी सगळंच बंद असतं.”

ती रागावली असती तर मी भांडले असते. पण ती रागावली नाही, भाजी चिरायला लागली. पप्पा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, म्हणजे ऐकत होते.

हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, हे सरांनी सांगितलं होतं. आठवड्यात मशीन कॉलेजच्या ऑफिसला लागतात, म्हणून प्रॅक्टिकल शनिवारी. मी सरांना पत्र लिहिलं. रविवारी नाही का चालणार, असं विचारलं. पत्र लिहून स्वतःच हसले. एका मुलीसाठी कॉलेज रविवारी कोण उघडतं? पण आठ दिवसांत पोस्टकार्ड आलं. प्राचार्य म्हणतात, डिसेंबर संपायच्या आत आठ जणांची नावं आली तर जूनपासून रविवारची बॅच काढू. आठाला एक कमी पडलं तरी नाही. खाली सरांनी लिहिलं होतं: ‘जमेल का?’

आठ. म्हणजे सिनेगॉगपेक्षा दोन कमीच.

हे समजावून सांगते. आमच्याकडे सिनेगॉगात, म्हणजे प्रार्थनाघरात, शनिवारच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ असतील तर पुस्तक मिटून घरी जायचं. बायका शंभर असल्या तरी मोजत नाहीत, याबद्दल माझं मत वेगळं आहे, पण ते मला कोणी विचारलेलं नाही. अष्टमीत आता आमची चार घरं, त्यांत मोठे पुरुष पाच. उरलेले पाच दर आठवड्याला पप्पा जमवतात. पहिली पाळी संपली की शुक्रवारी दुपारी सायकल काढायची आणि फेरी मारायची. रोह्यातले दोघं, नागोठण्याचे एक, आणि पेणहून मुक्कामाला येणारे दोघं, त्यांना फोन. गेल्या सहा वर्षांत फक्त चारदा आकडा चुकला, तोही पावसात.

त्या शुक्रवारी मी म्हटलं, मला मागे बसवून न्या. पप्पांनी भुवया उंचावल्या, पण नेलं. पहिलं घर हासाजीकाकांचं. ऐंशी वर्षांचे, कानाने अधू, आणि दर शुक्रवारी त्यांचा गुडघा दुखत असतो. पप्पा दारात उभे राहून ओरडले, “काका, उद्या न्यायला पावणेआठला येऊ की आठला?” काका म्हणाले आठला ये. गुडघा दुखत होताच, पण त्याचा विषय निघाला नाही.

परत येताना मी पप्पांना विचारलं की तुम्ही ‘येता का’ असं का विचारत नाही. पप्पा पुलावर सायकलवरून उतरले, चढ होता.

“‘येता का’ म्हटलं की माणूस विचार करतो,” ते म्हणाले. “विचार केला की नाय म्हणतो. नि माणूस घरी बसून नाय म्हणतो, आपण त्याच्या दारात उभे राहिलो तर नाय म्हणत. का गो, तुला कोणाला जमवायचंय?”

मी म्हटलं, शाळेचं काम आहे. ते हसले. म्हणाले, शाळा फारच कामं देते आजकाल.

सोमवारपासून माझी फेरी सुरू झाली. मी कोणालाही ‘कोर्स करणार का’ असं विचारलं नाही. मी विचारलं, रविवारच्या एसटीत खिडकीकडे बसणार की आत? हेमांगी म्हणाली खिडकीकडे. तिच्या घरी रविवारी जळमटं काढायचा कार्यक्रम असतो आणि त्यातून सुटायला ती चंद्रावरही गेली असती. नाव लिहिलं, दुसऱ्या नंबरला. पुतळी आमच्या वर्गातली, खाडीकाठच्या मिठागरवाल्यांची. शनिवारी ती आईबरोबर बाजारात बसते, म्हणून शनिवारचं कॉलेज तिने मनातच आणलं नव्हतं. रविवार म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली, “मंग हाय मी.” तिचा चुलतभाऊ काळुराम आयटीआयला जाणार होता. त्याला मी सांगितलं की तिथं एक मुलगा नुसते स्क्रू मोजतो, त्याला मदतनीस हवाय. तो चिडून म्हणाला, मी मोजणार नाय, बसवणार. नाव लिहिलं. तो स्क्रू मोजणारा स्वतःच पाचवा. त्याची हजेरी शनिवारी भरत नाही, कारण शनिवारी त्याची क्रिकेटची मॅच असते. आणखी दोघं ‘ब’ वर्गातले, त्यांच्या घरी मी आईने लिंबू मागायला पाठवल्यासारखी गेले आणि त्यांच्या आयांनाच विचारलं की डबा एकट्याचा देणार की दोघांचा मिळून.

मी, हेमांगी, पुतळी, काळुराम, स्क्रूवाला आणि ते दोघं. सात झाले. डिसेंबरचे तीन आठवडे सातवरच गेले. मग एका सकाळी हेमांगी शाळेत आली ती माझ्याकडे न बघता. तिच्या वडिलांनी तिचं नाव अकरावी सायन्सला घालायचं आधीच ठरवलं होतं. तिने तोंड उघडायच्या आधी त्यांनी डॉक्टर, हॉस्पिटल, सगळं बोलून टाकलं होतं. मी तिला म्हटलं, तू उद्या डॉक्टर झालीस की तुझ्या हॉस्पिटलात मी एकही वायर जोडणार नाही. ती म्हणाली, चालेल, मी तुला फुकट इंजेक्शन देईन, मोठं. आम्ही हसलो. पण यादीवरची तिची ओळ खोडताना पेन्सिल कागदातून आरपार गेली.

सहा. आणि शनिवार धरला नाही तर उरलेले दिवस पाच.

पेणला गेले, या वेळी एकटी. सर प्राचार्यांकडे होते, म्हणून मी लॅबच्या दारात पुंडलिकमामांशेजारी बसले आणि सगळं रडगाणं त्यांना सांगितलं. त्यांनी सांगितलं की जिते गावचा एक मुलगा कालच चौकशी करून गेलाय, दुपारनंतर पोस्टात काम करतो, शनिवारीही, त्याला पूर्ण दिवस रविवारच मोकळा असतो. चला, सात. मामांनी बोटांवर मोजून बघितलं आणि म्हणाले, येक कमी पडतोय गो पोरी. आणि किल्ल्या वाजवत बसले. म्हणाले, आणि कमी पडला नाय तरी रविवारी दार उघडायला मलाच यावा लागेल, दिवसभर बसून र्‍हावा लागेल, त्याचं कोण बोलत नाय.

मी दारातच होते. मी म्हटलं, “मामा, तुमचं नाव सातव्या नंबरला लिहू की आठव्या?”

ते इतके हसले की खोकला लागला. म्हणाले, माझी पोरगी तुझ्याएवढी हाय. मी म्हटलं तिलाही आणा, नऊ होतील. म्हणाले, मी शिपाई. मी म्हटलं, टोपण काढता येतं, मग घालायला शिका. त्यांनी किल्ल्या खाली ठेवल्या. मग हळूच म्हणाले, मॅट्रिक झालोय मी, दुसऱ्या टायमाला. गणित राहिलाता. चार वर्षं त्या पोरांचं ऐकतोय दारात बसून, निम्मा तर पाठच झालाय.

निमिष सर आले तेव्हा आठवं नाव लिहून झालं होतं. ‘पुंडलिक’ एवढंच, कारण आडनाव लिहायच्या आधीच त्यांनी पेन मला परत दिलं आणि म्हणाले राहू दे, पगारपत्रकावर हाय. सरांनी यादी दोनदा वाचली. प्राचार्यांनी तीनदा. शिपायाने विद्यार्थी होऊ नये असा नियम त्यांना कुठं सापडला नाही. शोधला मात्र बराच, सर नंतर सांगत होते. शेवटी त्यांनी सही केली आणि सरांना म्हणाले, ही मुलगी विमा एजंट का होत नाही?

तो गुरुवार होता. मी लगेच घरी सांगितलं नाही. शुक्रवारची वाट बघितली, कारण शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागला की आमचा शनिवार सुरू होतो; त्याच्या आधीचा अर्धा तास आमच्या घरात सगळे एकत्र आणि आंघोळ केलेले असतात, आणि कोणी चिडलं तरी अंधार पडायच्या आत संपवावं लागतं.

आई दिव्यात तेल घालत होती. पप्पा फेरीवरून आले होते, दहाचे दहा जमले होते, म्हणून खुशीत होते. मी चौकटीला टेकून उभी राहिले. वक्तृत्व स्पर्धेत शिकवलं होतं की पहिलं वाक्य पाठ असावं. माझं पाठ होतं. पण नववीतली तामार कुठूनतरी परत आली होती आणि “उपस्थित”सुद्धा पुटपुटणार होती. मी तिला थोडा वेळ थांबवलं.

पप्पांनी आधीच ओळखलं असावं. ते आईला म्हणाले, “हिच्या शाळेचं काम संपलेलं दिसतंय.” आईने तेलाची बाटली खाली ठेवली नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.

“आई, पप्पा, मी सांगते ते पूर्ण ऐका, मग ओरडा,” मी म्हटलं. “दहावी झाली की मी मावशीकडे जात नाही. जूनपासून पेणला नेटवर्किंग शिकणार. सोमवार ते शुक्रवार सकाळी वर्ग आणि रविवारी प्रॅक्टिकल. रविवारची बॅच नव्हती, ती मी काढून घेतली, आठ माणसं जमवून. शनिवारी मी घरीच असेन, इथंच. नोकरी लागेल की नाही ते सरांनाही माहीत नाही आणि मलाही नाही. मावशीला तुम्ही कळवा म्हणत नाही मी. पत्र मीच लिहीन, रविवारी सकाळी.”